शेवटचा नंबर कुणाला? सिडनीतल्या मतदानाच्या शनिवारचा रिव्ह्यू

यंदाच्या 26 जानेवारीला माझ्या ओळखीतल्या दोघीजणी ऑस्ट्रेलियाच्या नागरिक झाल्या. काउन्सिलच्या हॉलमध्ये शपथ, हातात एक रोपटं, महापौरांबरोबर फोटो, आणि जोडीला मतदार नोंदणीचा फॉर्म. त्या फॉर्मवरूनच दोघींचे फोन आले. "ताई, इथं मत दिलं नाही तर दंड करतात म्हणे? आणि आत गेल्यावर नक्की करायचं काय?" दोघींना तेच तेच सांगून झाल्यावर वाटलं, आपण मिक्सरवर आणि पडद्यांच्या दुकानावर तावातावाने रिव्ह्यू लिहितो, मग मतदानाच्या दिवसावर का नाही? तीही सेवाच की, आणि आपल्याच कराच्या पैशांतून चालणारी. शिवाय तिथे खायलाही मिळतं.

हे सगळं मुख्यतः 3 मे 2025 च्या निवडणुकीबद्दल आहे. केंद्र म्हणजे पश्चिम सिडनीतली एक सरकारी प्राथमिक शाळा. नाव देत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि माझी लेक त्याच शाळेत पाचवीत होती.

आधी माझी लायकी सांगते. इथे येण्याआधी मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका होते, आणि शिक्षिका म्हटलं की इलेक्शन ड्यूटी आलीच. 2004 ची लोकसभा आणि 2009 ची विधानसभा, दोन्ही वेळा मी मतदान अधिकारी क्रमांक दोन. म्हणजे शाईवाली. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचं, एसटीने कोरेगावच्या पुढच्या एका वाडीत पोचायचं, शाळेच्या बाकांवर चादर टाकून रात्र काढायची, आणि पहाटे मॉक पोल. मग दिवसभर एकेकाची सही नाहीतर अंगठा, आणि डाव्या तर्जनीवर म्हैसूरची शाई. माझ्याही बोटांना ती लागायची आणि पुढे पंधरा दिवस भाकरी थापताना दिसायची. तेव्हा मतदानकेंद्र कसं असावं यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी धरून चालते.

नागरिक झाल्यावर माझी इथली पहिली राष्ट्रीय निवडणूक 18 मे 2019 ची. टेबलापलीकडच्या बाईंनी तीन प्रश्न विचारले: पूर्ण नाव काय, राहता कुठे, आणि या निवडणुकीत आधी मत दिलंय का? ओळखपत्र नाही, फोटो नाही, सही नाही. मी सवयीने डावी तर्जनी पुढे केली. बाईंना वाटलं मी त्यांच्या मागे काहीतरी दाखवतेय. त्या वळून बघायला लागल्या. मागे फक्त पहिलीतल्या मुलांनी रंगवलेला कोआला होता.

त्या दिवशी घरी येईपर्यंत मला चैन नव्हतं. नुसतं "नाही दिलं" म्हटलं की झालं? आमच्या वाडीत असं असतं तर दुपारी बारापर्यंत मेलेली माणसंही मत देऊन गेली असती. पण नंतर कळलं की हे नुसतं भाबडेपण नाही. सगळ्या केंद्रांवरच्या याद्या नंतर ताडून पाहतात, एकाच नावावर दोन खुणा निघाल्या तर पत्र येतं. आणि मुळात इथे प्रत्येकाला यावंच लागत असल्यामुळे दुसऱ्याच्या नावावर टाकायला मतं उरतातच किती?

सक्तीबद्दल एवढंच सांगते. 1922 साली इथे साठ टक्केसुद्धा लोक मतदानाला आले नव्हते. टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी 1924 मध्ये खासगी विधेयक आणलं, ते मंजूर झालं, आणि 1925 च्या निवडणुकीत आकडा एक्याण्णव टक्क्यांच्या वर गेला. देशाच्या निवडणुकीला दांडी मारली तर दंड 20 डॉलर, न्यू साउथ वेल्स राज्याच्या निवडणुकीला 55. रकमेचं फार मनावर घेऊ नका. खरा फरक पडतो तो प्रचाराला. आमच्याकडे दुपारी तीननंतर दोन्ही पार्ट्यांच्या जीपा फिरायच्या, कोण राहिलंय ते यादीवर बघून म्हाताऱ्यांना अक्षरशः उचलून आणायच्या. इथे माणूस आपोआप येणारच आहे. म्हणजे त्याला घराबाहेर काढण्यासाठी पेटवायची गरज नाही. उलट तो येईल तेव्हा आपल्यावर भडकलेला नसावा, एवढी काळजी घ्यायची.

आता तो शनिवार. केंद्र सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उघडं. आम्ही साडेदहाला पोचलो, ही आमचीच चूक, कारण मुलांचे खेळाचे सामने उरकून सगळी जनता त्याच वेळेला येते. गाडी दोन गल्ल्या सोडून लावावी लागली. शाळेच्या कुंपणाला उमेदवारांचे हसरे चेहरे ओळीने बांधलेले. या प्लास्टिकच्या पन्हाळीदार फलकांना इथे कॉरफ्लूट म्हणतात, आणि राजकारण्याला पोली. आमच्या घरात पोळी म्हणजे लाटायची असते, त्यामुळे लेकीच्या बाबांनी त्यावर दरवर्षीचा विनोद करून घेतला.

फाटकाशी पक्षांचे कार्यकर्ते हातात कार्डं घेऊन उभे. कुणाला कितवा नंबर द्यायचा याचा नमुना त्यावर छापलेला असतो. कार्ड घेणं बंधनकारक नाही, मी सगळ्यांची घेते. आपल्याकडे केंद्रापासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ मारतात आणि तिच्या आत प्रचार दिसला की पोलीस धावतात. इथली हद्द आहे सहा मीटर. दरवाजापासून सहा मीटर सोडले की घाला काय गोंधळ घालायचा तो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, इथे मारामारीच होणार.

झालं काय ते सांगते. एका पक्षाचा टी-शर्ट घातलेले सत्तरीचे आजोबा आणि त्यांच्या कट्टर विरोधी पक्षाच्या साधारण तेवढ्याच वयाच्या आजी शेजारी शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या. उन्हाची क्रीम एकच, दोघांत मिळून. मधेच आजोबा उठले आणि म्हणाले, "जरा माझी धरतेस का?" आपली कार्डं आजींच्या हातात देऊन टॉयलेटकडे चालते झाले. आजींनी ती दुसऱ्या हातात धरली आणि येणाऱ्याला सांगू लागल्या, "ही घ्या शहाणपणाची. आणि ही त्या म्हाताऱ्याची, तो मुतायला गेलाय." मी तिथेच थांबून हसले. आमच्या वाडीत दोन पार्ट्यांची चहाची टपरीसुद्धा वेगळी होती. एकाच्या टपरीवर चहा प्यालात तर संध्याकाळी दुसऱ्याच्या माणसाने "काय बाई, तिकडं का?" असं विचारलंच म्हणून समजा.

रांगेत पन्नास मिनिटं गेली, आणि ज्यांना ऑस्ट्रेलियन माणूस राजकारणावर कसा बोलतो ते ऐकायचंय त्यांनी या पन्नास मिनिटांसाठी तरी शनिवारीच जावं. मतदान आधीच्या दीड आठवड्यातही करता येतं, 2025 ला 22 एप्रिलपासून सोय होती, आणि लाखो लोक लवकर जाऊन मोकळे होतात. सोयीचं आहे, पण गप्पा हुकतात.

बोलणं सुरू होतं भावापासून. माझ्या पुढे रात्रपाळी करून थेट आलेली एक नर्स होती, तिच्या पुढे पाठीला रंग लागलेल्या शर्टातला पेंटर. विषय अंड्यांचा. बर्ड फ्लूमुळे कित्येक महिने दुकानात अंड्यांचे रॅक रिकामे असायचे. त्यात आठवड्यापूर्वीच्या टीव्हीवरच्या वादसभेत दोन्ही नेत्यांना डझनाचा भाव विचारला होता. तेव्हाचे विरोधी पक्षनेते पीटर डटन म्हणाले साधारण 4 डॉलर 20 सेंट. पंतप्रधान अँथनी अल्बनीझी म्हणाले सात डॉलर, मिळाली तर. खरा भाव निघाला 8 डॉलर 80 सेंट. "दोघंही स्वतः बाजारात जात नाहीत," पेंटर म्हणाला, "पण एक जण निदान बायकोला विचारतो." रांगेत हशा. मला आपल्याकडचा 1998 चा कांदा आठवला, ज्याने दिल्ली राज्यातलं सरकार घरी बसवलं. भाषा बदलते, पिशवी तीच.

अंड्यांवरून गाडी डॉक्टरच्या गॅपवर आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डॉक्टरने नुसतं मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचं, कार्ड घेऊन वर काही मागितलं नाही तर त्याला बल्क बिलिंग म्हणतात, आणि वरचे जे पैसे आपल्या खिशातून जातात तो गॅप. अल्बनीझी सगळा प्रचारभर खिशातून ते हिरवं कार्ड काढून दाखवत होते. नर्स म्हणाली, तिच्या जीपीचा, म्हणजे फॅमिली डॉक्टरचा, गॅप पंचेचाळीस डॉलर. मागच्या बाई म्हणाल्या, "फक्त?" मग घरभाडं, मग निगेटिव्ह गिअरिंग, म्हणजे भाड्याने दिलेल्या घरातला तोटा दाखवून कर वाचवायची सवलत. ज्यांच्याकडे एकही घर नाही ते यावर सगळ्यात जास्त जाणतात असं माझं निरीक्षण आहे.

या सगळ्यात एक गोष्ट कुणीही सांगितली नाही: मत कुणाला. ते विचारायचंही नसतं. मी नवीन असताना एकदा ऑफिसात विचारलं होतं, तर माझा पगार किती असं विचारल्यासारखी समोरची बघत राहिली. पण शेवटचा नंबर कुणाला दिला, हे मात्र जो तो आनंदाने सांगतो.

हे समजायला मतपत्रिका समजून घ्यावी लागते. हिरवी पत्रिका प्रतिनिधीगृहाची, म्हणजे आपल्या खासदाराची. तिच्यावर खूण करून भागत नाही, प्रत्येक चौकोनात नंबर टाकायचा. सगळ्यात आवडता एक, मग दोन, मग तीन, असं शेवटपर्यंत. 1918 पासूनची पद्धत आहे. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिली पसंती मिळाली नाही की तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या नंबरप्रमाणे वाटतात, आणि असं कुणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत चालतं. म्हणजे तुमचा शेवटचा नंबर हा नुसता राग नाही, त्याला वजन आहे. 2025 ला मेलबर्न मतदारसंघात ग्रीन पक्षाचे नेते ॲडम बँड्ट पहिल्या पसंतीत सगळ्यांच्या पुढे होते. 2010 पासूनची त्यांची जागा. तरी पडले, कारण बाकीच्यांच्या मतपत्रिकांवर त्यांचा नंबर लेबरच्या, म्हणजे अल्बनीझींच्या पक्षाच्या, उमेदवाराच्या खाली होता. आणि देशभर लेबरला पहिली पसंती जेमतेम 34.6 टक्के, जागा मात्र 150 पैकी 94.

पेंटर आपल्याच तंद्रीत सांगत होता, "मी आधी तळापासून भरतो. ज्याला अजिबात येऊ द्यायचं नाही त्याला शेवटचा नंबर. मग त्याच्या वरचा. असं करत वर गेलं की जो उरतो तो एक नंबर." नर्स म्हणाली, ती पण तसंच करते. मी एवढी वर्षं वरून खाली भरत होते. त्या दिवशी तळापासून भरून पाहिलं. डोकं फार शांत राहतं, विश्वास ठेवा.

माझ्या मते इथल्या बोलण्याला जो बरा सूर आहे, त्यातला बराचसा या पत्रिकेतून आलाय. ज्याचा एक नंबर तुम्हाला मिळणार नाही त्याचा दोन नंबर हवा असतो. मग त्याला गद्दार म्हणून कसं चालेल? फाटकावरच्या त्या आजी मला म्हणाल्यासुद्धा, "आम्हाला पहिला नाही दिलात तरी चालेल हं, दुसरा बघा." हे वाक्य मी आमच्या वाडीत कधी ऐकलं असतं?

पण सगळंच गोडगोड लिहिलं तर तो रिव्ह्यू नाही. घरांच्या किमतींवर बोलता बोलता मागून एक साठीचे गृहस्थ म्हणाले, "माणसंच फार यायला लागलीत, घरं पुरणार कुठून." मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि ते घाईने म्हणाले, "तू नाही गं, लव." त्यांना ते मनापासून वाईट वाटलं होतं, चेहरा लाल झाला होता. मीही "नो वरीज" म्हटलं, जे इथे सगळ्यालाच म्हणतात. नर्सने विषय पुन्हा अंड्यांवर नेला. पण ते "तू नाही" मला घरापर्यंत टोचत आलं. मी नाही तर मग कोण? माझी जाऊ, जी पुढच्या महिन्यात यायची होती, ती? ऑगस्टच्या 31 तारखेला स्थलांतरितांच्या विरोधात शहराशहरांत मोर्चे निघाले आणि त्यांच्या पत्रकांत भारतीयांचं नाव घेऊन लिहिलेलं होतं, तेव्हा मला ते गृहस्थ आठवले. ते मोर्चाला गेले नसतील असं वाटतं. पण रांगेतलं बोलणं आणि मोर्चातलं बोलणं यांच्यात एक पातळसा पडदाच असतो, हे त्या दिवसापासून कळलं.

दुसरा असाच अनुभव 14 ऑक्टोबर 2023 चा, म्हणजे सार्वमताचा. मूळनिवासी लोकांचं म्हणणं संसदेपर्यंत पोचवणारी एक संस्था राज्यघटनेत घालावी का, एवढाच प्रश्न. पत्रिकेवर इंग्रजीत येस किंवा नो लिहायचं. शाळा तीच, रांगही जवळपास तेवढीच, पण कुणी बोलेना. अंडी नाहीत, गॅप नाही, शेवटच्या नंबराचा विनोद नाही. पत्रिकेत नंबरच नव्हते ना. दोनच शब्द, एक इकडे किंवा एक तिकडे. लोक फोनमध्ये बघत पुढे सरकत होते. सुमारे साठ टक्क्यांनी नो म्हटलं, सहाही राज्यांत नो. मला ती शांतता त्या निकालापेक्षा जास्त आठवते. भावावर मोकळं बोलणारी ही माणसं, जिथे खरंच दुखतं तिथे गप्प होतात.

असो. 2025 ला परत येते. आत पुठ्ठ्याचे जांभळे आडोसे, दोरीला बांधलेली पेन्सिल. हो, पेन्सिल! मी पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्यातली मतदान अधिकारी किंचाळली होती. आपलं पेन नेलं तरी चालतं, मी नेते. टेबलावरच्या तरुणाने पत्रिकेवर आद्याक्षरं टाकली, दोन्ही कशा भरायच्या ते इतकं शांतपणे सांगितलं की पुढच्या आजोबांना दोनदा विचारायला संकोच वाटला नाही. सेवा म्हणून इथे पैकीच्या पैकी.

पांढरी पत्रिका सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, आणि ती म्हणजे अंथरूण. आडोशात मावत नाही, दुमडून दुमडून भरायची. रेघेच्या वर पक्षांना किमान सहा नंबर, किंवा रेघेखाली उमेदवारांना किमान बारा. 2013 साली आपल्या न्यू साउथ वेल्समध्ये 110 उमेदवार होते, पत्रिका मीटरभराहून रुंद झाली आणि अक्षरं इतकी बारीक की वाचायला भिंगं ठेवावी लागली. आता तेवढी वाईट परिस्थिती नाही, तरी चाळिशीचा चष्मा विसरू नका.

त्या दोघींना मी जे तीनदा बजावलं ते इथेही बजावते: हिरव्या पत्रिकेवर सगळे चौकोन भरा. राज्याच्या निवडणुकीत नुसता एक नंबर टाकला तरी चालतो, देशाच्या निवडणुकीत तेच केलं तर मत बाद. पश्चिम सिडनीत बाद मतं कायम जास्त पडतात, त्यामागे एकाच शाळेत एकाच पेन्सिलीने दोन वेगळे नियम पाळायचे, हेही एक कारण आहे.

आता खाणं. मतदानकेंद्राबाहेर शाळेची पी अँड सी, म्हणजे पालकांची समिती, तवा मांडते आणि सॉसेज विकते. डेमोक्रसी सॉसेज. या शब्दाला 2016 साली ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी सेंटरने वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. त्याच वर्षी विरोधी पक्षनेते बिल शॉर्टन यांनी स्ट्रॅथफिल्डला ते कडेने नाही तर मधूनच चावलं, आणि बरेच दिवस देशात त्याचीच चर्चा. कुठल्या केंद्रावर तवा आहे आणि कुठे नाही, हे सांगणारा नकाशासुद्धा लोक हौसेने बनवतात.

पदार्थ म्हणाल तर साधा. पांढऱ्या ब्रेडची एक स्लाइस, तीत तिरकं ठेवलेलं सॉसेज, वर परतलेला कांदा, आणि टोमॅटो किंवा बार्बेक्यू सॉस. साडेतीन डॉलर. आमच्या भागात हलाल सॉसेज आवर्जून ठेवतात, तशी पाटीही होती. आमच्या ह्यांचं म्हणणं, बाहेरून करपलेलं, आतून बरं, कागदी रुमालातून तेल गळेल इतपत खरं. लेकीने दोन खाल्ली. मी शाकाहारी. पाटीवर व्हेजी सॉसेज लिहिलेलं होतं, पण ते सव्वाअकराला संपलेलं. दहाच आणली होती म्हणे. आणि जी होती ती त्याच तव्यावर, त्याच चिमट्याने. मी विचारलं तेव्हा तव्यामागच्या बाप्याने चिमटा पँटला पुसला. हेतू चांगला होता.

शेवटी मी कांदा-पाव घेतला. ब्रेड, भरपूर कांदा, सॉस. एक डॉलर घेतला माझ्याकडून, तोही घेऊ की नको असं करत. आणि खरं सांगू? मंद आचेवर दोन तास परतलेला, कडा तांबूस झालेला तो कांदा फार सुंदर होता. आमच्या वाडीत मतदानाच्या दिवशी ड्यूटीवरच्यांना पोलीसपाटलांच्या घरून पिठलं-भाकरी यायची, बरोबर बुक्कीने फोडलेला कांदा. त्याच्या खालोखाल हा. वर थोडं लाल तिखट हवं होतं. शेजारच्या केकच्या टेबलावर लॅमिंग्टन संपले होते, अँझॅक बिस्किटं होती, ओट्स-खोबऱ्याची, पाकातल्या वडीची चुलतबहीण. ती घ्या.

संध्याकाळी घरी टीव्ही. सहाला दरवाजे बंद झाले की तिथेच, त्याच हॉलमध्ये, हाताने मोजणी सुरू. मला त्या टेबलांवरच्या लोकांची दया येत होती, मी ते पाय दुखणं ओळखते. एबीसी या सरकारी वाहिनीवर निवडणुकीचे विश्लेषक अँटनी ग्रीन, निवडणुकीच्या रात्रीची त्यांची ही शेवटची पाळी, आणि साडेआठच्या सुमारास त्यांनी सांगूनही टाकलं की लेबरचं सरकार. डटन यांची स्वतःची डिक्सनची जागा गेली, 2001 पासूनची. पराभव मान्य करताना त्यांनी अल्बनीझींचं मोकळेपणाने अभिनंदन केलं, आणि अल्बनीझींच्या सभेत डटन यांचं नाव निघताच लोक हुर्यो करू लागले तेव्हा अल्बनीझींनी हात वर करून त्यांना गप्प केलं. हे बघताना आमचे हे म्हणाले, "दोन नंबर मागायची सवय आहे, जात नाही."

तव्याच्या तक्रारीचं काय झालं ते राहिलंच. सोमवारी शाळेच्या फाटकावर पी अँड सीच्या अध्यक्षबाई भेटल्या. मी म्हटलं, व्हेजी सॉसेज दहा पुरत नाहीत, या भागात निम्मी वस्ती आपल्याकडची, आणि तवा वेगळा हवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं, आणि मग पेन माझ्यापुढे धरलं. "राज्याची निवडणूक मार्च 2027 ला. वेगळ्या तव्यावर कोण उभं राहील? नाव लिही." इथे तक्रार केली की काम गळ्यात पडतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. लेक आता त्या शाळेतून बाहेर पडेल, तरी माझं नाव वहीत आहे. दुसरा तवा, कांदा, सकाळी सात ते अकरा. तिखट मी घरून नेणार आहे.